दूरस्थ सत्र : आपोआप लॉग-ऑफ

रिमोट डेस्कटॉपवर काम करणाऱ्याची जोडणी तुटल्यानंतर ठरावीक मुदतीने त्याचे सर्व्हरवरील सत्र सर्व्हरनेच बंद करण्याची व्यवस्था. पुढील विवेचन मुख्यतः विंडोज सर्व्हरला धरून आहे.

जोडणी तुटणे आणि लॉग-ऑफ होणे या दोन निराळ्या घटना आहेत. खिडकीच्या कोपऱ्यातील फुली दाबली की वापरकर्त्याला ‘बंद केले’ असे वाटते. प्रत्यक्षात फक्त पडद्यावरचे चित्र येणे थांबते. सर्व्हरवर त्याची एक्सेलची फाइल उघडीच राहते, मेमरी व्यापलेली राहते आणि मोजक्या परवान्यांवर चालणाऱ्या प्रणालीतली एक जागा अडून बसते. सर्व्हरच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘क्वेरी युझर’ ही आज्ञा दिली की हे उघड दिसते. अशा वापरकर्त्याच्या ओळीत सत्राच्या नावाची जागा रिकामी असते, स्थितीच्या रकान्यात ‘डिस्क’ असते आणि निष्क्रिय काळाच्या रकान्यात ‘२+१३:०५’ असा आकडा असतो. दोन दिवस, तेरा तास, पाच मिनिटे. शुक्रवारी संध्याकाळी सातला फुली दाबून घरी गेलेला माणूस सोमवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी असा दिसतो.

इतिहास : सिट्रिक्सच्या विनफ्रेमचे बहुवापरकर्ता तंत्र मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये परवान्याने घेतले आणि १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली. ‘टर्मिनल सर्व्हिसेस’चे ‘रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’ हे नामांतर विंडोज सर्व्हर २००८ आर२ मधले. तुटलेले सत्र जिवंत ठेवण्यामागचा हेतू चांगला आहे : लाइन गेली तरी परत येऊन काम होते तिथून उचलता यावे.

मुदतीची मांडणी : मूळ मांडणीत तुटलेल्या सत्राला मुदत नसते. ते सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत पडून राहू शकते. मुदत ग्रुप पॉलिसीतील ‘सेशन टाइम लिमिट्स’ या भागात घालतात. तेथील ‘तुटलेल्या सत्राची मुदत’ हाच या नोंदीचा खरा विषय आहे. कमीत कमी एक मिनिट निवडता येते. रजिस्ट्रीत हा आकडा मिलिसेकंदांत साठतो, म्हणजे पंधरा मिनिटांसाठी ९,००,०००. हाताने लिहिताना एक शून्य गळले तर पंधरा मिनिटांची दीड मिनिटे होतात. संगणकाच्या पातळीवरील पॉलिसी वापरकर्त्याच्या पातळीवरील पॉलिसीवर मात करते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक खात्याच्या ‘सेशन्स’ पानावरही मुदत देता येते. त्यामुळे मुदत लागू का होत नाही हे शोधताना या सगळ्या जागा पाहाव्या लागतात. जोडणी चालू असूनही हालचाल नसलेल्या सत्राची मुदत वेगळी असते. ती संपण्याआधी वापरकर्त्याला दोन मिनिटांची सूचना मिळते. तुटलेल्या सत्रासमोर सूचना वाचायला कोणी नसतेच.

मुदत किती असावी : सर्व्हरच्या दृष्टीने फुली दाबून गेलेला आणि वाय-फाय गेल्याने बाहेर फेकला गेलेला, दोघेही सारखेच. एक मिनिटाची मुदत पहिल्याला योग्य वाटते, पण दुसऱ्याचे न साठवलेले काम तिच्यामुळे जाते. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू व्हायला तीन मिनिटे लागली, तेवढ्यात सकाळपासूनची नोंदणी संपली. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या कार्यक्रमांत आपोआप राखली जाणारी प्रत मूळ मांडणीत दर दहा मिनिटांनी साठते. अनेक लेखा-कार्यक्रमांत तीही सोय नसते. म्हणून साध्या कार्यालयात अर्ध्या तासापेक्षा कमी मुदत ठेवू नये आणि रात्रभर हिशेब चालवणाऱ्या खात्यांना वेगळी पॉलिसी द्यावी, असे या नोंदकर्त्याचे ठाम मत आहे. मुदतच न ठेवणे मात्र कोणत्याही कार्यालयात समर्थनीय नाही.

सुरक्षा : पडून राहिलेले सत्र धोक्याचे असते. सर्व्हरवर ‘सिस्टिम’ पातळीचा अधिकार मिळवलेल्याला ‘टीएसकॉन’ आज्ञेने दुसऱ्याच्या तुटलेल्या सत्रात पासवर्डाशिवाय शिरता येते. सुरक्षा-संशोधक बेंजामिन डेल्पी यांनी हे २०११ मध्ये दाखवले होते आणि २०१७ मध्ये अलेक्झांडर कोर्झ्निकोव्ह यांच्या लेखनाने ते पुन्हा चर्चेत आले. दुसरा त्रास रोजच्या वापरातला. पासवर्ड बदलल्यावर जुन्या सत्रातले कार्यक्रम जुनाच पासवर्ड पाठवत राहतात आणि खाते वारंवार कुलूपबंद होते. अशी तक्रार आली की आधी तुटलेली सत्रे शोधावीत. सत्र आपोआप संपले का, हे सुरक्षा-नोंदवहीत पडताळता येते : तुटल्याची घटना ४७७९, लॉग-ऑफची ४६३४.

प्रशासकीय जोडण्या : रिमोट डेस्कटॉपची भूमिका न बसवलेल्या सर्व्हरवर एका वेळी दोनच प्रशासकीय सत्रे चालतात. दोन विसरलेल्या सत्रांमुळे तिसरा प्रशासक अडतो.

विंडोज १० व ११ : एका वेळी एकच परस्परसंवादी सत्र.

युनिक्स व लिनक्स : येथे परंपरा उलटी आहे. मोडेमचा फोन खाली ठेवला जाई त्या काळापासून जोडणी तुटताच प्रक्रियांना ‘हँग-अप’ संकेत जातो आणि त्या संपतात. काम चालू ठेवायचे असल्यास ‘नोहप’, ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ वापरतात. लिनक्समधील सेवा-व्यवस्थापक सिस्टिमडीच्या २३० व्या आवृत्तीने (२०१६) लॉग-ऑफनंतर वापरकर्त्याच्या उरलेल्या सर्व प्रक्रिया मारणे ही मूळ मांडणी केली. त्याने टीमक्समधली कामेही मरू लागली, मोठा वाद झाला आणि डेबियनने आपल्या वितरणात ती मांडणी मागे घेतली. एक्सआरडीपी या लिनक्सवरील रिमोट डेस्कटॉप सर्व्हरमध्ये तुटलेल्या सत्राची मुदत ‘सेसमन’च्या मांडणी-फाइलीत सेकंदांत लिहितात, शून्य म्हणजे मुदत नाही.