युटामधली बंदी

अमेरिकेतल्या युटा राज्यात मॉर्मन चर्चचं वजन घरापासून विधिमंडळापर्यंत जाणवतं. बहुतेक आमदार त्याच पंथाचे, सत्ता कित्येक वर्षं रिपब्लिकन पक्षाकडे. समलैंगिक मुलांचा कल 'बदलण्याच्या' उपचारांवर, म्हणजे कन्व्हर्जन थेरपीवर, अशा राज्यात बंदी येईल असं फारसं कोणाला वाटलं नसतं. ती जानेवारी २०२० मध्ये आली. कशी आली हे पाहिलं की धर्मसंस्थेचा विरोध नेमका कशाला होता ते उमगतं. माझ्या मते अखेरच्या टप्प्यात वाद उपचाराने गुण येतो की नाही हा नव्हताच. वाद होता अधिकाराच्या हद्दीचा.

गुणाचा दावा केव्हाच ढासळला होता. १९६९ साली चर्चचे नेते स्पेन्सर किंबल यांनी 'द मिरॅकल ऑफ फर्गिव्हनेस' या पुस्तकात समलैंगिकता बरी होऊ शकते असं ठासून मांडलं. १९७३ च्या डिसेंबरात अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती आजारांच्या यादीतून काढली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी किंबल चर्चचे अध्यक्ष झाले. प्रोव्होमधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात, म्हणजे चर्चच्याच विद्यापीठात, त्या दशकात तरुणांच्या हाताला विजेच्या तारा जोडून, पुरुषांची चित्रं दाखवून झटके दिले जात. १९७६ साली त्यावर डॉक्टरेटचा प्रबंधही झाला. ज्यांनी हे सोसलं ते श्रद्धाळू घरांतले, स्वतःलाच दोषी मानणारे तरुण होते. हे वाचताना राग येतो आणि यायलाच हवा. पुढे २००९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने सगळं संशोधन तपासून कल बदलतो याला पुरेसा पुरावा नाही असं सांगितलं. २०१३ मध्ये एक्झोडस इंटरनॅशनल या, असाच बदल घडवू पाहणाऱ्या बड्या ख्रिस्ती संस्थेने माफी मागून दार बंद केलं.

तरीही २०१९ च्या आरंभी क्रेग हॉल या रिपब्लिकन आमदाराने आणलेलं बंदीचं विधेयक समितीत इतकं बदललं गेलं की ते बारगळलं. खरं तर चर्चने आपण विरोध करणार नाही असं कळवलं होतं. मग राज्यपाल गॅरी हर्बर्ट यांनी समुपदेशकांना परवाना देणाऱ्या खात्यामार्फत नियम करायला घेतला, तेव्हा ऑक्टोबरात चर्चने हरकत घेतली: धार्मिक श्रद्धेला पुरेसं संरक्षण नाही. नोव्हेंबरात हॉल यांच्या मूळ विधेयकातली भाषा नियमात आली. धर्मगुरू म्हणून बोलणारा धर्मगुरू, आई-वडील किंवा आजी-आजोबा म्हणून बोलणारा समुपदेशक यांना नियम लागू नाही, असं त्यात स्पष्ट होतं. बंदी फक्त परवानाधारकाने अठरा वर्षांखालच्या मुलांवर करायच्या उपचारांना. चर्चचा विरोध तिथे संपला.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतो. एक म्हणतो, घर आणि वेदी मोकळी सोडली तर बंदी पोकळच. दबाव बहुधा तिथूनच येतो हे खरं, आणि ही सवलत मलाही खुपते. पण त्या दबावाला शास्त्राचं शिक्कामोर्तब मिळायचं ते समुपदेशकाच्या खोलीत, आणि तेच काढून घेतलं गेलं. दुसरा आक्षेप म्हणतो, समुपदेशन हे बोलणंच, मग ही अभिव्यक्तीवर बंदी झाली. समुपदेशकाने हे मत भाषणात मांडावं, पुस्तकात लिहावं. कोणी अडवत नाही. मात्र परवाना घेऊन, फी घेऊन, अल्पवयीन मुलाला जे सांगितलं जातं तो उपचार असतो, आणि अपाय करणारा उपचार रोखणं हे परवाना देणाऱ्याचं कामच आहे. आई-वडिलांचा हक्क मोठा आहे, पण निरुपयोगी ठरलेला उपचार लेकरावर करवून घ्यायचा हक्क त्यात बसत नाही.

२०२३ मध्ये युटाच्या विधिमंडळाने या बंदीचा कायदा केला. दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत पडलं नाही.