अथाबास्का सरोवराकांठचें एक गांव

आपल्या धर्मग्रामाची जुनी दप्तरें ज्युबिलीनिमित्त चाळीत असतां आमचें लक्ष फार दूरच्या एका धर्मग्रामाकडे गेलें. कॅनडा देशांतील अल्बर्टा प्रांताच्या ईशान्य कोपऱ्यांत अथाबास्का नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या तीरीं फोर्ट चिपेवायन हें लहानसें गांव आहे. तेथें बारमाही रस्ता नाहीं. उन्हाळ्यांत होडीनें किंवा विमानानें जावें. हिवाळ्यांत नद्या व दलदली गोठल्या म्हणजे त्यांच्यावरूनच गाड्या चालतात.

हें गांव कातड्यांच्या व्यापारानें जन्मास घातलें. बीव्हर नामक जलचर प्राण्याच्या लोकरीच्या टोप्यांस युरोपांत त्या काळीं मोठी मागणी होती. त्यासाठीं नॉर्थ वेस्ट कंपनीनें 1788 सालीं येथें कोठी घातली. प्रथम दक्षिण तीरावर, व कांहीं वर्षांनीं उत्तर तीरावर. येथूनच 3 जून 1789 रोजीं अलेक्झांडर मॅकेंझी निघाला व उत्तर महासागरास जाऊन पोंचला. इतिहासकार त्याचें नांव मोठ्या अक्षरांत लिहितात. परंतु बर्फावर चालण्याच्या जोड्यांचीं जाळीं कोणी विणलीं? सुकें मांस कुटून, चरबींत मिसळून वाटेची शिदोरी कोणी बांधून दिली? डेने व क्री स्त्रियांनीं! त्यांच्यावांचून कंपनीचा एक हिवाळाही निभला नसता. कंपनीच्या फ्रेंच व स्कॉच नोकरांनीं त्यांच्याशीं संसार थाटले. तेथील मेती लोकांच्या कित्येक घराण्यांचें मूळ अशाच संसारांत आहे.

व्यापाऱ्यांच्या मागोमाग मिशनरी आले. 1847 सालीं फादर ताशे येऊन गेले व 1851 सालीं फादर फारो यांनीं मिशन स्थापिलें. तें पवित्र मरियेच्या जन्मोत्सवास वाहिलेलें आहे. म्हणजे ज्या सणानिमित्त आपण वांद्र्यास मोत मावलीच्या यात्रेस जातों, तोच हा सण! हें कळल्यावर तें परकें गांव आम्हांस एकदम जवळचें वाटूं लागलें.

1874 सालीं ग्रे नन संघाच्या धर्मभगिनी आल्या व शाळा निघाली. येथें मात्र आमची लेखणी अडखळते. ज्युबिलीच्या पुस्तकांत केवळ गौरव लिहावा असा प्रघात आहे. परंतु पुढें ही शाळा सरकारी निवासी शाळांच्या व्यवस्थेंत मोडूं लागली. आणि त्या व्यवस्थेनें मुलांस आईबापांपासून तोडलें, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा केली. कित्येक मुलें तर घरीं परतलींच नाहींत. भगिनींमध्यें कष्टाळू व मायाळू व्यक्ति होत्या, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि जें घडलें तें आपल्याच ख्रिस्तसभेच्या छपराखालीं घडलें.

शाळा 1974 सालीं बंद झाली. 25 जुलै 2022 रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं अल्बर्टा प्रांतांतच, मास्क्वासिस येथें जाऊन, या निवासी शाळांबद्दल क्षमा मागितली. मिशनच्या स्थापनेच्या सालाशेजारीं ही तारीखही लिहिली जावी, असें आम्हांस वाटतें. त्या शाळेंत वाढलेलीं माणसें आजही त्या सरोवराकांठीं राहतात.