इनन्ना आणि तिचे शोकगायक

सुमेरची इनन्ना दैवतांच्या आपल्या ठरावीक वर्गीकरणाला दाद देत नाही. ती कामाची देवी, तशीच युद्धाचीही. मातृदेवतेच्या चौकटीत तर ती मुळीच बसत नाही. एरिदूला जाऊन ती एन्कीच्या मद्यपानाचा फायदा घेते आणि 'मे', म्हणजे संस्कृतीची सारी विधाने, नावेत घालून उरुकला नेते. शुद्धीवर आलेल्या एन्कीने मागे धाडलेले राक्षसही व्यर्थ ठरतात. दुसऱ्या कथेत, झोपेत अत्याचार करणाऱ्या शुकालेतुदा या माळ्याला शोधताना ती देशभरच्या विहिरी रक्ताने भरते. अपराध एकाचा, तहान सर्वांची.

आम्हांला मात्र तिच्या उपासकांची भाषा अधिक विचारात पाडते. 'गाला' हे पुरुष पुरोहित शोकगीते 'एमेसाल' बोलीत गात. वाङ्मयात हीच बोली देवींच्या आणि स्त्रियांच्या तोंडी येते. यल्लम्माचे जोगते इथे आठवतीलच, पण साम्यावरून नाते जोडण्याची घाई आम्ही करणार नाही.

अशीच सावधगिरी सार्गोनची कन्या, उरची पुरोहिता एन्हेदुआन्ना (इ.स.पू. सुमारे २३००) हिच्याबाबत हवी. पदच्युत झालेली ती स्तोत्रात स्वतःच्या नावानिशी इनन्नेला साकडे घालते. लिओनार्ड वूली यांच्या उर येथील उत्खननात तिच्या नावाची तबकडी सापडली, तेव्हा व्यक्ती खरीच. परंतु स्तोत्राच्या उपलब्ध प्रती सुमारे पाचशे वर्षांनंतरच्या आहेत. म्हणून 'जगातील पहिली कवयित्री' हे वर्गात सांगताना आम्ही अडखळतो. काव्यातील नावाने कर्तृत्व सिद्ध होत असते, तर आपल्या अभंगांतील नाममुद्रांचा वाद केव्हाच मिटला असता.