राज्य गेलं, वाडा मात्र सुटला नाही

कुंभकोणमला घरात तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबं आजही भेटतात. हा मुलूख व्यंकोजीराजांच्या वंशजांचा होता. 1799 मध्ये दुसऱ्या सरफोजींनी तो कंपनीला दिला आणि मग त्यांच्याकडे उरला तंजावरचा किल्ला, कुंभकोणमपासून चाळीसेक किलोमीटरवर.

ऑक्टोबर 1855 मध्ये सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजीराजे वारले. मुलगा नव्हता, म्हणून कंपनीने उरलंसुरलं राज्य खालसा केलं. वर्षभराने फोर्ब्स नावाचा अधिकारी फौज घेऊन वाड्यात शिरला. दागिने, जवाहीर, खासगी मालमत्ता सगळ्यावर मोहरा! राण्या मात्र आतच होत्या.

थोरल्या कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. वकील जॉन ब्रूस नॉर्टन. म्हणणं साधं होतं: राज्य घेतलंत, पण नवऱ्याची खासगी मालमत्ता विधवेची. मद्रासच्या कोर्टाला ते पटलं. कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेली. मध्ये 1857 चा उठाव झाला, 1858 मध्ये कंपनीचीच सत्ता गेली, म्हणून निकालावर भारतमंत्र्यांचं नाव आहे.

जुलै 1859 मध्ये लॉर्ड किंग्जडाउन यांनी निकाल फिरवला. ही जप्ती एका सत्तेने दुसऱ्या सत्तेवर केलेली कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे तपासणं कोर्टाच्या हातात नाही. म्हणजे सरकार बरोबर होतं, असं कोर्टाने कुठेच म्हटलं नाही! पण राण्या हरल्या. आता कायद्याने त्यांना रोखणारं कुणी नव्हतं.

आज बँकेने घर जप्त केलं तर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला 45 दिवस मिळतात. नुसत्या अर्जाने ताबा थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. दावा लांबला की समोरच्यालाही विचार करायला वेळ मिळतो, एवढं मात्र तेव्हाही खरं होतं. माझ्या मते राण्यांना तोच वेळ कामी आला. जिंकलेल्या सरकारने 21 ऑगस्ट 1862 च्या हुकमाने मालमत्ता राजांच्या वारसांना परत दिली. कारभार थोरल्या राणीकडे.

मग काय, वाटणीवरून राण्याच एकमेकींविरुद्ध मद्रास हायकोर्टात गेल्या. जिजांबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई, निकाल 1868.