आद्य जननकोशिका
सस्तन प्राण्यांच्या भ्रूणात प्रारंभीच वेगळ्या होणाऱ्या व पुढे अंडाणू किंवा शुक्राणू निर्माण करणाऱ्या कोशिकांना (पेशींना) आद्य जननकोशिका म्हणतात. शरीरातील इतर कोशिका व्यक्तीबरोबर नष्ट होतात. पुढील पिढीत जाण्याची क्षमता केवळ यांच्या वंशजांत असते. त्यामुळे त्यांचा उगम हा दीर्घकाळ वादाचा विषय होता.

अंडाशयाच्या पृष्ठभागावरील अधिस्तरातूनच अंडाणू उत्पन्न होतात, असे मत व्हिल्हेल्म व्हाल्डायर यांनी १८७० मध्ये मांडले. याउलट, जननद्रव्य शरीरापासून अलग राहून पिढ्यानपिढ्या अखंड चालत येते, असे आउगुस्ट व्हाइसमान यांनी १८८५ मध्ये प्रतिपादन केले. पुढे १९५० नंतरच्या दशकात, अल्कलाइन फॉस्फेटेज या एंझाइमाच्या विपुलतेमुळे या कोशिका रंजनक्रियेने ओळखता येऊ लागल्या. उंदराच्या भ्रूणात त्या पीतककोशाकडून आतड्याच्या भित्तीमार्गे जननग्रंथींकडे स्थलांतर करतात, असे दिसून आले. काही उत्परिवर्तनांमुळे वंध्य होणाऱ्या उंदरांच्या भ्रूणांत या कोशिका अत्यल्प असतात, हे बिॲट्रिस मिंट्स व एलिझाबेथ रसेल यांनी १९५७ मध्ये दाखविले. अंडाशय हे या कोशिकांचे उगमस्थान नसून वसतिस्थान होय, हे यावरून स्पष्ट झाले.

व्हाइसमान यांचे मतही सस्तन प्राण्यांना पूर्णतः लागू पडले नाही. फळमाशी व बेडूक यांच्या अंड्यातच जननकोशिका ठरविणारे द्रव्य असते. उंदरात तसे नसते. भ्रूणबाह्य ऊतकाकडून येणाऱ्या बीएमपी-४ या प्रथिनाच्या संकेतामुळे शेजारच्या मोजक्या कोशिका या मार्गास लागतात, असे कर्स्टी लॉसन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले.

मानवी स्त्रीगर्भात जननकोशिकांची संख्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास ६० ते ७० लाखांपर्यंत पोहोचते व जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरते. पुढे हा साठा घटतच जातो. वंध्यत्वचिकित्सेत यास मोठे महत्त्व आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी इंदिरा हिंदुजा व प्रजनन संशोधन संस्थेचे टी. सी. आनंदकुमार यांच्या संयुक्त प्रयत्नांतून, शरीरबाह्य फलनाने एक कन्या जन्मास आली. फलन प्रयोगशाळेत झाले असले, तरी त्या अंडाणूची पूर्वतयारी तिची आई स्वतः गर्भावस्थेत असतानाच झाली होती. अशा उपचारांनी साठ्यातील अंडाणू परिपक्व करता येतात. संपलेला साठा भरून काढता येत नाही. म्हणूनच या चिकित्सेत स्त्रीचे वय निर्णायक ठरते.