बोल्टाची पत

मोटारीचा एखादा भाग झिजला किंवा मोडला म्हणजे तो मूळ कारखानदाराकडूनच घेतला पाहिजे असें नाहीं. इतर कारखान्यांनीं त्याच मापाचे केलेले सुटे भाग बाजारांत मिळतात, आणि ते पुष्कळदां स्वस्तहि असतात. अशा भागाबरोबर एका पुडींत त्याचे बोल्ट आणि नट दिलेले असतात. जाणता मिस्त्री तो भाग उलटून पालटून नीट पाहतो व पसंत करतो; पुडी मात्र बाजूला सारतो, आणि त्याच मापाचे दुसरे बोल्ट भरंवशाच्या दुकानांतून आणावयास सांगतो. गाडीच्या मालकास हा उगाचच वाढविलेला खर्च वाटतो. भाग वापरावयाचा आणि त्याचे बोल्ट तेवढे फेकून द्यावयाचे, हा कोठला न्याय? या प्रश्नाचें उत्तर बोल्टाच्या दोनशें वर्षांच्या इतिहासांत आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत बोल्टाला स्वतःची अशी जात नव्हती. प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. एकाच कारखान्यांतहि प्रत्येक कारागिराचा हात निराळा. एका बोल्टावर बसणारा नट दुसऱ्यावर बसत नसे, म्हणून यंत्र खोलतांना जोड्यांवर खुणा करून ठेवाव्या लागत. जोडी चुकली कीं काम अडलेंच. लंडनच्या हेन्री मॉडस्ले या कारागिरानें इ. स. १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचा अचूक लेथ तयार केला, तेव्हां या गोंधळास प्रथम आळा बसला. मॉडस्लेच्या कारखान्यांतून जे शागीर्द बाहेर पडले त्यांनीं पुढें इंग्लंडच्या यंत्रविद्येची धुरा वाहिली. त्यांपैकींच जोसेफ व्हिटवर्थ हा एक होता.

व्हिटवर्थचा जन्म १८०३ सालीं स्टॉकपोर्ट येथें झाला. मॉडस्लेकडील उमेदवारी संपवून १८३३ मध्यें त्यानें मँचेस्टर येथें स्वतःचा कारखाना काढला. आट्यांचा प्रश्न सोडवितांना त्यानें जी रीत वापरली ती मोठ्या शहाणपणाची होती. स्वतःच्या कल्पनेंतून एक नवें माप काढून तें इतरांवर लादण्याऐवजीं त्यानें देशांतील नामांकित कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले, आणि त्यांची सरासरी काढली. १८४१ सालीं त्यानें आपली योजना इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल एंजिनिअर्स या संस्थेपुढें मांडली. आट्याचा कोन ५५ अंशांचा, त्याचे माथे व तळ गोलसर, आणि प्रत्येक जाडीस इंचांत किती आटे पडावे हें ठरलेलें, अशी ती योजना होती. कोणाचीहि पद्धति पूर्णपणें नाकारलेली नसल्यामुळें ती हळूहळू सर्वांनींच पत्करली. आगगाडीच्या कंपन्यांनीं ती उचलली आणि इंग्रजी यंत्रांबरोबर ती जगभर गेली. १८५३ मध्यें बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली, त्यानंतर परळच्या रेल्वे कारखान्यांत आणि गिरणगांवांतील कापडाच्या गिरण्यांत पिढ्यान् पिढ्या जे पाने फिरले ते याच व्हिटवर्थच्या मापांचे होते.

अमेरिकेनें मात्र वेगळी वाट धरली. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यानें १८६४ सालीं तेथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढें आपली पद्धति मांडली. तिचा कोन ६० अंशांचा होता आणि आट्यांचे माथे सपाट होते. सेलर्सचें म्हणणें व्यवहाराचें होतें. व्हिटवर्थचा गोल माथा साधावयास निष्णात कारागीर व अनेक हत्यारें लागतात; सपाट माथा साधारण कामगारासहि साध्या हत्यारांनीं करतां येतो. एका देशांत कुशल कारागिरांची परंपरा होती, तर दुसऱ्यांत हात थोडे आणि काम अफाट होतें. दोन्ही पद्धति आपापल्या ठिकाणीं योग्यच होत्या. पण अर्ध्या इंचाच्या बोल्टावर इंग्रज इंचाला १२ आटे पाडी आणि अमेरिकन १३ पाडी. एवढ्या एका आट्याच्या फरकानें दोन्ही देशांचे नटबोल्ट एकमेकांस परके झाले.

असल्या फरकाची किंमत काय पडते हें अमेरिकेस आपल्याच घरांत कळून आलें. १९०४ च्या फेब्रुवारींत बाल्टिमोर शहरास मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब धांवून आले. परंतु पुष्कळांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांवर बसेनात. पाणी होतें, माणसें होतीं, बंब होते. तरी पंधराशेंहून अधिक इमारती भस्मसात् झाल्या. पुढें दुसऱ्या महायुद्धांत हीच अडचण खंडांच्या अंतरावर येऊन उभी राहिली. इंग्लंडचें मर्लिन हें विमानाचें एंजिन अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें बनवावयास घेतलें, तेव्हां तिला आटे पाडण्याचीं इंग्रजी मापांचीं हत्यारें नव्यानें घडवावीं लागलीं. युद्ध संपल्यावर १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं अमेरिका, ब्रिटन व कानडा या तीन देशांनीं वॉशिंग्टन येथें एका करारावर सह्या केल्या आणि ६० अंशांचा एकच आटा मान्य केला. युरोपांत मीटरच्या मापांची पद्धति १८९८ च्या झूरिक येथील परिषदेपासून रुजत होती. पुढें तीच जगांत सर्वाधिक पसरली.

येथें बोल्टाच्या इतिहासाचें पहिलें प्रकरण संपतें. कोणाचाहि नट कोणाच्याहि बोल्टावर बसूं लागला. परंतु या यशांतूनच दुसरी अडचण निपजली. जोपर्यंत बोल्ट गांवचा होता तोपर्यंत तो घडविणारा कारागीर ओळखीचा होता. बोल्ट सगळीकडे सारखा झाला, आणि तो कोणी केला हें विचारण्याचें कारणच उरलें नाहीं. आटे बरोबर बसले म्हणजे माल चांगला, अशी समजूत पडली. वास्तविक आटा बोल्टाचें फक्त माप सांगतो. त्याचा कस पोलादांत आणि पोलादास दिलेल्या पाण्यांत असतो, व तो डोळ्यांस दिसत नाहीं.

बोल्टाचें काम कसें चालतें हें थोडें पाहिलें पाहिजे. बोल्ट म्हणजे दोन तुकड्यांतून आरपार घातलेला खिळा, अशी सामान्य समजूत असते. खरें पाहतां आवळलेला बोल्ट ही एक ताणलेली स्प्रिंग असते. पान्यानें आवळतांना तो किंचित् लांब होतो, आणि मूळ लांबीवर येण्याच्या ओढीनें दोन्ही भाग घट्ट दाबून धरतो. पान्यास लावलेल्या जोरापैकीं सुमारें नऊ दशांश जोर घर्षणांत खर्च होतो. जेमतेम एक दशांश ताणाच्या कामीं येतो. पोलाद मऊ असलें तर बोल्ट आवळतांना कायमचा लांबतो, त्याची ओढ नाहींशी होते, आणि जोड सैल पडतो. सैल जोडांत प्रत्येक धक्का बोल्टावर येतो व असे लक्षावधि धक्के खाऊन तो एके दिवशीं तुटतो. जर्मन एंजिनिअर गेरहार्ड युंकर यानें १९६९ मध्यें प्रयोगांनीं दाखविलें कीं आडव्या कंपनानें नट आपोआप उलटे फिरतात. त्यावर मुख्य उपाय पुरेशा ताणाचा. आणि पुरेसा ताण सोसावयास बोल्ट कसदार हवा.

हा कस गिऱ्हाइकास कळावा म्हणून बोल्टाच्या डोक्यावर खुणा करण्याची पद्धति पडली. अमेरिकेंतील मोटार एंजिनिअरांच्या संस्थेनें प्रती ठरविल्या. पांचव्या प्रतीच्या बोल्टावर तीन रेषा असतात व त्यानें दर चौरस इंचास १,२०,००० पौंडांचा ताण सोसला पाहिजे. आठव्या प्रतीवर सहा रेषा असतात व तिची मर्यादा १,५०,००० पौंडांची. रेषांत दोन मिळविले कीं प्रत कळते. मीटरच्या मापांत ८.८, १०.९, १२.९ असे आंकडे असतात. पहिल्या आंकड्यावरून तुटण्याचा ताण कळतो. दुसरा आंकडा, त्या ताणाच्या किती दशांशापर्यंत बोल्ट कायमचा न लांबतां टिकेल हें सांगतो. भारतांतहि १९४७ सालीं स्थापन झालेल्या इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननें १३६७ क्रमांकाचें मानक बोल्टांसाठीं घालून दिलें. बोल्टाचें डोकें म्हणजे जणूं त्याचें दाखलापत्र झालें.

पण दाखलापत्र लिहिणें सोपें आणि तें खरें ठरविणें कठीण. डोक्यावर सहा रेषा उठविण्यास खर्च कांहींच लागत नाहीं. आठव्या प्रतीचें पोलाद मात्र महाग पडतें. अल्प कार्बनच्या स्वस्त पोलादांत बोरॉन हें द्रव्य अगदीं नखभर घातलें तर पाणी दिल्यावर तें चांगलें कठीण होतें. या पोलादाची ८.२ ही निराळी प्रत असून तिच्या रेषांची मांडणीहि निराळी आहे. थंड असतांना ती आठव्या प्रतीइतकीच बळकट असते. परंतु उष्णतेंत ती लवकर मऊ पडून आपला ताण सोडते. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या बाजारांत आठव्या प्रतीची खूण केलेले असे हजारों हलके बोल्ट सांपडूं लागले. सैन्याच्या सामानापर्यंत ते पोंचले होते. अमेरिकन लोकसभेच्या एका उपसमितीनें जॉन डिंगेल यांच्या अध्यक्षतेखालीं या प्रकरणाची चौकशी करून १९८८ मध्यें आपला अहवाल प्रसिद्ध केला.

दुसऱ्याच वर्षीं युरोपांत एक भयंकर अपघात झाला. ८ सप्टेंबर १९८९ रोजीं ऑस्लोहून हँबर्गकडे निघालेलें एक भाड्याचें विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत कोसळलें. आंत एका जहाज कंपनीचीं माणसें होतीं. नव्या जहाजाच्या नामकरणाच्या समारंभास तीं चाललीं होतीं. पंचावन्न जणांपैकीं एकहि वांचला नाहीं. समुद्रांतून काढलेले अवशेष तपासतां असें आढळलें कीं शेपटीचा उभा पंख ज्या बोल्टांनीं जोडलेला होता त्यांपैकीं कांहीं ठरलेल्या कसाचे नव्हतेच. ते झिजले होते, आणि शेपटींतील कंपनांस पंखाला धरून ठेवणें त्यांस जमलें नाहीं. ते दुरुस्तीच्या वेळीं घातलेले होते. ज्या हातांनीं ते घातले त्यांस ते हुबेहूब खऱ्यासारखेच दिसले असतील.

अमेरिकेंत १६ नोव्हेंबर १९९० रोजीं बोल्टांच्या गुणवत्तेचा स्वतंत्र कायदा झाला. व्यापाऱ्यांच्या तक्रारींमुळें त्याची अंमलबजावणी वारंवार लांबली आणि त्यांत दुरुस्त्या झाल्या. सुधारलेल्या स्वरूपांत तो १९९९ मध्यें लागू झाला. प्रतीची खूण असलेल्या बोल्टावर करणाऱ्याचेंहि नोंदलेलें चिन्ह असलें पाहिजे आणि खोटी खूण करून माल विकणें हा गुन्हा होय, हें त्यांतील सार होय. म्हणजे दीडशें वर्षांपूर्वीं जो कारागीर मालाच्या मागें हरवला होता त्यास कायद्यानें पुन्हां शोधून पुढें उभें केलें.

आतां त्या पुडीचा उलगडा होतो. सुटा भाग करणारा कारखानदार बोल्ट स्वतः करीत नाहीं. तो ते बाहेरून घाऊक घेतो. गिऱ्हाईक भागाकडे पाहून किंमत ठरवितें, पुडीकडे पाहत नाहीं. जेथें कोणी पाहत नाहीं तेथेंच काटकसर करण्याचा मोह होतो. यांत नेहमींच लबाडी असते असें नाहीं. पुष्कळदां केवळ बेफिकिरी असते. भाग चांगला आणि त्याचे बोल्ट बिनखुणेचे, असें म्हणूनच घडतें.

बोल्ट बदलण्यासहि कांहीं विवेक हवा. मूळ कारखानदारानें जी प्रत नेमली असेल तीच घ्यावी. अधिक कठीण तें अधिक चांगलें, हा समज घातक आहे. फार कठीण बोल्टावर चुकीच्या रीतीनें मुलामा चढविला तर हायड्रोजन वायु पोलादांत शिरून त्यास ठिसूळ करतो, आणि असा बोल्ट आवळल्यावर कांहीं तासांनीं कोणी हात न लावतांहि तुटतो. नट बोल्टाच्याच तोलाचा असावा. चाकाच्या बोल्टाची बैठक निमुळती कीं गोल, हें पाहून घ्यावें. एंजिनाचे कांहीं बोल्ट एकदां ताणले कीं पुन्हां वापरावयाचे नसतात. ब्रेक, स्टिअरिंग व चाकें यांच्या बाबतींत तर डोक्यावर प्रत आणि करणाऱ्याचें चिन्ह, हीं दोन्ही असल्यावांचून बोल्ट स्वीकारूं नये.

व्हिटवर्थनें गोळा केलेल्या बोल्टांपासून आजच्या पुडीपर्यंत या लहानशा वस्तूनें बराच प्रवास केला. माप एकसारखें करण्यास एक शतक लागलें. मापामागची सचोटी मात्र कोणत्याहि करारानें एकदांच ठरवून टाकतां येत नाहीं, ती प्रत्येक बोल्टागणिक नव्यानें पाहावी लागते. तेव्हां मिस्त्री पुडी बाजूला ठेवून दुसरे बोल्ट मागूं लागला तर मालकानें त्याच्याशीं हुज्जत घालूं नये. चार बोल्टांचे पैसे निमूटपणें द्यावे, आणि ते आणल्यावर त्यांच्या डोक्यावरील अक्षरें एकवार स्वतः वाचून पाहावीं.