ओल, चुना आणि धीर

इंग्लंडच्या खेड्यांतून दोन-तीनशें वर्षांपूर्वीं बांधलेलीं दगडी शेतघरें अजून पुष्कळ उभीं आहेत. जमिनींतील ओल अडविणारा थर त्यांच्या भिंतींत नव्हता. तरी तीं पिढ्यान्‌पिढ्या नांदतीं राहिलीं, याचें रहस्य चुन्यांत आहे. भिंतींत शिरलेलें पाणी चुन्याच्या मऊ दरजांतून व गिलाव्यांतून वाफ होऊन निघून जाई. चूल पेटती असल्यामुळें दमट हवा धुराड्यावाटे खेंचली जाई. भिंत भिजे आणि वाळे.

इ. स. १८२४ मध्यें जोसेफ ॲस्प्डिन नामक गवंड्यानें पोर्टलंड सिमेंटचा हक्क नोंदविला. पुढें त्याचा प्रसार झाल्यावर ओलीवर हाच रामबाण उपाय, असा समज रूढ झाला. परंतु या कठीण लेपाला बारीक भेगा पडतात. त्यांतून पाणी आंत जातें, मात्र त्याची बाहेरची वाट बंद झालेली असते. मग तें दगडाचे पापुद्रे काढतें, तुळयांचीं टोकें कुजवितें. रोगापेक्षां औषध भयंकर, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

कवि व कारागीर विल्यम मॉरिस यानें १८७१ मध्यें थेम्सकांठीं केल्म्स्कॉट येथील इ. स. १६०० च्या सुमाराचें दगडी शेतघर भाड्यानें घेतलें. १८७७ मध्यें त्यानें वास्तुविशारद फिलिप वेब प्रभृतींसह प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ एक मंडळ स्थापिलें. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुन्याचें नवें करूं नये, नित्य डागडुजीनें पडझड टाळावी, हा त्याचा सिद्धांत. तो मुख्यतः चर्चांच्या अतिरेकी जीर्णोद्धाराविरुद्ध पुढें आला. पण ओल्या शेतघरासहि तो तंतोतंत लागू पडतो. भिंतीलगत चढलेली माती खणून काढावी, छपराचें पाणी दूर न्यावें, बुजविलेलीं धुराडीं मोकळीं करावीं, सिमेंट हलक्या हातानें उतरवून पुन्हां चुना लावावा. आणि मग धीर धरावा. जाड भिंत वाळण्यास महिनेच्या महिने लागतात.

आमच्याकडील कित्येक वाड्यांचें दगडकामहि बैलांच्या घाणींत मळलेल्या चुन्याचें आहे. त्यांवर सिमेंट थापून वाडा भक्कम झाला असें मालक समजतो, आणि चार पावसाळ्यांनीं कोनाडे पाझरूं लागले म्हणजे पूर्वजांच्या बांधकामास दोष देतो. त्यांनीं चुनाच कां वापरला, हा प्रश्न गवंड्यास बोलावण्यापूर्वीं विचारला जावा, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.